उंबरठा आणि रस्ता यांच्या मधली जागा

पर्वरीतील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माणसाचे घर नाही. सोळा खांब, खांबांमध्ये पिवळ्या रंगाने आखलेल्या बावीस मोटारींच्या जागा, जिन्याच्या तोंडाशी पंपाची खोली आणि फाटकाला लागून रखवालदाराची केबिन, एवढेच तिथे आहे. मला हे इतक्या तपशिलात ठाऊक आहे, कारण तो प्लॅन मीच काढला होता. पणजीतील एका आर्किटेक्टच्या कचेरीत मी एकतीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली रेघ दाढीच्या ब्लेडने खरवडण्यापासून ऑटोकॅडपर्यंत सगळे या हातांनी केले. निवृत्तीच्या सुमारास, आपणच रेखाटलेल्या इमारतीत राहायला मिळते आहे याचा आनंद मानून, मी इथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकी औषधांची पिशवी घ्यायला खाली उतरल्या आणि ओल्या फरशीवरून पाय घसरून पंपाच्या खोलीसमोर पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आणि खुब्याचे हाड मोडलेले. त्या एक तास दहा मिनिटे तिथे पडून होत्या. पाऊस कोसळत होता, पंप चालू होता, त्यांची हाक कोणाच्या कानावर गेली नाही. रखवालदार पंचवीस पावलांवर आपल्या केबिनमध्ये बसलेला होता. पण केबिनला एकच खिडकी, तीही फाटकाकडे, कारण रखवालदाराने बाहेरून येणाऱ्यावर लक्ष ठेवायचे असते असे गृहीत धरून मी ती तशी काढली होती. त्याची पाठ सगळा वेळ काकींकडे होती. संध्याकाळी कमिटीने चारही कॅमेऱ्यांचे चित्रण सेक्रेटरींच्या मोबाइलवर पाहिले. चित्र अगदी स्वच्छ होते. काकींची एक सपाता पायातून निसटून गटाराच्या जाळीपर्यंत गेली होती, तीसुद्धा दिसत होती. कॅमेऱ्याने काही म्हणजे काही चुकवले नव्हते. फक्त त्या तासाभरात त्याच्या पलीकडे पाहणारे कोणी नव्हते.

काकी वाचल्या, वॉकर घेऊन चालूही लागल्या. मला मात्र तेव्हापासून माझ्या जुन्या प्लॅनांकडे पाहण्याची खोड लागली आहे. तळमजल्यावर मोटारी ठेवण्यासाठी इमारत खांबांवर उचलायची, म्हणजे आम्हां लोकांच्या भाषेत स्टिल्ट करायचे, ही गोष्ट गेल्या तीस वर्षांत गोव्यात इतकी सरसकट झाली की तिचा कोणी वेगळा विचारच करत नाही. पार्किंगचा प्रश्न सुटतो, स्टिल्टचे क्षेत्र एफएआरमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येते त्या हिशेबात, मोजले जात नाही, आणि पहिल्या मजल्याचा फ्लॅट जमिनीच्या ओलीपासून वाचतो म्हणून त्याला गिऱ्हाईकही बरे मिळते. या तीन फायद्यांच्या बदल्यात आपण काय देऊन बसतो, तर जमिनीच्या पातळीवरचे सगळे डोळे. खाली स्वयंपाकघराची खिडकी नाही, कपडे वाळत घालणारी बाई नाही, पायरीवर बसून पेपर वाचणारा म्हातारा नाही.

माझे बालपण पणजीतील मळा नावाच्या भागात गेले. आल्तिनोच्या उतारावर मारुतीचे देऊळ, खाली झर, पलीकडे ओरेमची खाडी आणि शेजारी फोंतायनश. ती सगळी वस्ती एकमेकांना खेटून असलेल्या घरांची आणि दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागेल अशा गल्ल्यांची. आमच्या घराच्या दारात तीन पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चुन्याने गिलावा केलेले दगडी बसणे, म्हणजे सोपो. सुखवस्तू घरांना वर कौलारू छप्पर आणि खांब असलेले ऐसपैस बलकांव असे, आमच्याकडे नुसता सोपो. नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या दिवसांत मी त्याचे माप वहीत उतरवून ठेवले होते: उंची सतरा इंच, खोली पंधरा इंच, पाठीला टेकायला घराची भिंत.

सोप्याची गंमत अशी की तो घरातही नाही आणि रस्त्यावरही नाही. तिथे बसलेल्या माणसाला घरात गेलेले मानत नाहीत, म्हणून त्याला चहा द्यावाच लागतो असे नाही. आणि तो रस्त्यावर उभाही नसतो, म्हणून तो रिकामटेकडा ठरत नाही. आजोबा तिथे सुपारी कातरत बसत. आई तिथेच तांदूळ निवडी. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत सायकलवरून येई, तेव्हा उंडे आणि कांकणे हे पाव घ्यायला शेजारच्या चार दारांतून चार बायका एकाच वेळी बाहेर येत, आणि पाव घेण्याचे काम दोन मिनिटांत संपले तरी त्या वीस मिनिटे आत जात नसत. मासे विकणारी नुस्तेकारीण आली की तोच प्रकार. यांपैकी कोणीही पहारा देत नव्हते. प्रत्येकाचे काहीतरी स्वतःचे काम चाललेले असे, आणि त्या कामाच्या अंगाने रस्ता दिसत राही. मी चौथीत असताना एकदा शाळा बुडवून ओरेमच्या काठी कुर्ल्या पकडायला गेलो, तर मी घरी पोचण्याच्या अर्धा तास आधी ती बातमी पाच सोप्यांवरून हातोहात घरी पोचली होती. सोप्यांची ही टपाल व्यवस्था सरकारी टपालापेक्षा कितीतरी जलद होती.

ज्या वर्षी गोवा मुक्त झाला त्याच 1961 साली न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्ज यांनी हीच गोष्ट शहराचे शास्त्र म्हणून मांडली. त्या वास्तुविशारद नव्हत्या, नगररचनेची कोणती पदवीही त्यांच्याकडे नव्हती. मॅनहॅटनमधल्या आपल्या हडसन स्ट्रीटवर दिवसभर काय चालते हे त्यांनी खिडकीतून नीट पाहिले होते. रस्ता सुरक्षित राहायचा तर घरांची तोंडे रस्त्याकडे हवीत, खासगी कुठे संपते आणि सार्वजनिक कुठे सुरू होते हे स्पष्ट हवे, आणि पाहणाऱ्याला पाहावेसे वाटेल इतकी वर्दळ रस्त्यावर हवी, असे त्यांचे म्हणणे. यातली तिसरी अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ओस रस्त्याकडे कोणी पाहत बसत नाही. आमच्या स्टिल्टकडे पहिल्या मजल्यावरून कोणी वाकून पाहायचे ठरवले तरी त्याला दिसणार काय, तर मोटारींची टपे.

पुढे 1972 मध्ये ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने याच विचाराला मोजमापाची जोड दिली. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत होती: अकरा मजली तेहतीस इमारती, 1950च्या दशकात बांधलेल्या, आणि 1972 पासून सुरुंग लावून पाडायला घेतलेल्या. न्यूमन तिथे हिंडत असताना त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. जो जिन्याचा कट्टा दोनच कुटुंबांच्या वाट्याचा होता तो स्वच्छ आणि नीट ठेवलेला होता. वीस कुटुंबांचा मिळून जो व्हरांडा होता तो घाणेरडा आणि धोक्याचा झालेला होता. आणि दीडशे कुटुंबांच्या सामाईक दालनाकडे, लिफ्टकडे तर पाहवत नव्हते. माणसे तीच, भाडे तेच, इमारतही तीच. जागा नेमकी कोणाची आहे हे जिथे कळत होते तिथे माणसे तिची काळजी घेत होती.

इथे थोडे सावध राहायला हवे. प्रुइट-आयगो केवळ प्लॅनमुळे बुडाले असे म्हणणे आम्हां ड्राफ्ट्समन लोकांच्या अहंकाराला सुखावणारे असले तरी खरे नाही. देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायचा होता आणि भाडेकरू दिवसेंदिवस गरीब होत गेले. शहरातले रोजगार आटले. गोऱ्या-काळ्यांची फाळणी होतीच. चांगला प्लॅन यातले काहीच टाळू शकला नसता. पण न्यूमनने पाहिलेला दोन, वीस आणि दीडशे हा फरक मला माझ्या इमारतीतच दिसतो, त्यासाठी सेंट लुईसला जावे लागत नाही. आमच्या प्रत्येक मजल्यावर चार घरे आहेत. चारही घरांच्या मधला जो लहानसा चौक आहे तिथे कोणाची तुळस आहे, कोणाचे चपलांचे कपाट आहे, चतुर्थीला तिथे रांगोळी पडते, आणि दिवा गेला तर कोणीतरी आपण होऊन बदलतो. खाली स्टिल्टमध्ये चोवीस घरांची मालकी आहे, म्हणून तिथला दिवा गेला की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो पडतो, त्याखाली अकरा अंगठे पडतात आणि दिवा तसाच राहतो.

सामाईक जागा किती घरांमध्ये वाटली जावी, या प्रश्नाचे मला पटलेले सर्वांत सुंदर उत्तर मी नवी मुंबईत पाहिले. चार्ल्स कोरिया हे गोमंतकीय वंशाचे वास्तुविशारद. पणजीची कला अकादमी त्यांचीच. 1983 ते 1986 या काळात त्यांनी बेलापूरला अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एक वसाहत रचली, सुमारे 550 कुटुंबे 5.4 हेक्टर जमिनीवर, एकही उंच इमारत न बांधता. सात घरे एका अंगणाभोवती. अंगण साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरांचे थोडे मोठे, बारा मीटरचे अंगण. असे वाढत वाढत पुढे सगळ्या वसाहतीची मोकळी जागा. प्रत्येक घर आपापल्या 45 ते 75 चौरस मीटरच्या जमिनीवर स्वतंत्र, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे पैसे येतील तसे प्रत्येकाने आपले घर वाढवावे. माझा मावसभाऊ नेरूळला राहतो. त्याच्याकडे गेलो असताना एक अख्खी सकाळ मी त्या वसाहतीत फिरण्यात घालवली. कोरियांनी काढलेली उतरत्या कौलांची घरे आता फारशी उरलेली नाहीत, लोकांनी ती पाडून दोन-तीन मजल्यांची, चकचकीत टाइलची घरे बांधली आहेत, आणि एखाद्या वास्तुविशारदाला ते पाहून वाईट वाटेल. पण अंगणे जागच्या जागी आहेत. मी एका अंगणात शिरलो आणि मिनिटभरात एका आजीबाईंनी विचारले, "कोण हवंय तुम्हाला?" त्या सुरात हटकणेही होते आणि मदतही होती. सात घरांच्या अंगणात अनोळखी माणूस आपोआप पाहुणा ठरतो. आमच्या स्टिल्टमध्ये कोणीही आला तरी तो चोवीसांपैकी कोणाकडे तरी आला असेल असे समजून आपण लिफ्टचे बटण दाबतो.

गोव्याला अंगणाची ही कल्पना बाहेरून आणण्याची गरज नव्हती. माझ्या आईचे माहेर फोंड्याच्या बाजूच्या एका गावात. तिथल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीवर, मांड होता. ज्यांना मांड ठाऊक नाही त्यांना ती एक साधी, शेणाने सारवलेली मोकळी जागा वाटेल; पण पौष महिन्यात रात्री वाड्यावरच्या बायका तिथे धालोंची गाणी म्हणत फेर धरायच्या, फाल्गुनात शिगम्याचे, म्हणजे होळीच्या सणाचे, मेळ तिथूनच निघायचे, आणि गावाच्या एखाद्या तंट्याचा विचारही तिथेच बसून व्हायचा. मांडावर घर बांधायचे नाही, चप्पल घालून जायचे नाही, तो अमुक दिवशी अमुक घराने सारवायचा, हे सगळे ठरलेले होते. म्हणजे त्या जागेला कुंपण नव्हते, पण पंचांग होते. वर्षातून काही रात्री तिथे सगळ्यांना यावेच लागे, त्यामुळे उरलेले वर्षभर ती जागा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे.

याच्याशी ताडून पाहावे असे आमच्या धंद्यातले एक गुपित सांगतो. जमिनीचे प्लॉट पाडताना काही भाग ओपन स्पेस म्हणून सोडावा लागतो. मी स्वतः काढलेल्या प्लॅनांमध्ये ही जागा कुठे पडली आहे ते आठवतो तेव्हा मला संकोच वाटतो. आधी रस्ता आखायचा, मग चांगले चौकोनी प्लॉट बसवायचे, आणि शेवटी जो उताराचा, त्रिकोणी, व्हाळाच्या कडेचा किंवा विजेच्या तारांखालचा तुकडा उरेल त्याला हिरवा रंग द्यायचा. कागदावर क्षेत्रफळ बरोबर भरते. प्रत्यक्षात त्या तुकड्याकडे एकाही घराचे दार नसते, तिन्ही बाजूंना प्लॉटांच्या मागच्या भिंती असतात, आणि पाच वर्षांनी तिथे रानमोडी माजते, बांधकामाचा राबिट पडतो आणि संध्याकाळी बाटल्या घेऊन बसणाऱ्यांची सोय होते. मग रहिवासी संघ तिथे दिवा लावण्याची मागणी करतो. ती जागा मधोमध असती, चारी बाजूंची घरे तिच्याकडे तोंड करून असती, तर तिला दिव्याची गरज कमी आणि सारवणाऱ्यांची जास्त पडली असती. पण मधली जागा सर्वांत महाग विकली जाते.

दिव्यांविषयी एवढेच म्हणेन की फार प्रखर दिवा उजेडाइतकाच अंधारही करतो. फाटकावर लावलेल्या फ्लडलाइटने डोळे दिपतात आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसत नाही. बेताच्या उंचीवरचे, जवळजवळ लावलेले, चेहरा ओळखू येईल एवढ्याच उजेडाचे दिवे बरे.

कुंपणाची गोष्ट मात्र एवढ्यात आटोपण्यासारखी नाही. जुन्या गोव्यातला गडगो कमरेएवढा असे, एकावर एक रचलेल्या चिऱ्यांचा, बहुधा चुना-मातीशिवाय. गुरे आत येऊ नयेत आणि हद्द कळावी एवढेच त्याचे काम. त्याच्यावर कोपरे टेकून बोलता येई, त्याच्यावरून भेंडी आणि आमसुले इकडून तिकडे जात. आता सात फुटी भिंत, तिच्यावर काचा नाहीतर तारा. भिंत बांधणाऱ्याला वाटते की चोराला आत यायला अडचण झाली. ती होतेही, पण एकदा आत आल्यावर त्याच्याइतका निश्चिंत दुसरा कोणी नसतो, कारण भिंत शेजाऱ्यालाही पाहू देत नाही. 2011च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांपैकी साधारण एक घर रिकामे आढळले होते. कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी पोर्तुगाल-इंग्लंडमध्ये, आणि अलीकडे तर घर घेतानाच ते वर्षातून पंधरा दिवसांसाठी घेतलेले. अशा बंद घराला उंच भिंत म्हणजे चोराला दिलेली खासगी खोली. आईच्या माहेरच्या वाड्यावरही आता काही घरांना कुलपे आहेत, पण तिथे गडगे अजून जुनेच आहेत, आणि कोणाच्या पडवीत कालपर्यंत नसलेली शिडी दिसली की शेजारची माणसे फोन करतात.

सुरक्षिततेची चर्चा चोरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते, हे मला नेहमी खटकत आले आहे. आपल्या मुलांना चोरापेक्षा मोटारीपासून भय अधिक आहे. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या अभ्यासकाने 1960च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. तिन्ही रस्ते दिसायला सारखे, घरेही सारखी; एकावरून दिवसाला सुमारे दोन हजार वाहने जात, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. तुमचे या रस्त्यावर मित्र किती, असे विचारल्यावर शांत रस्त्यावरच्या माणसाने सरासरी तीन सांगितले आणि वर्दळीच्या रस्त्यावरच्याने एकही पुरता नाही. शांत रस्त्यावरची माणसे अख्खा रस्ता आपला मानत होती. वर्दळीच्या रस्त्यावरच्यांचे घर आपल्या दारापाशी संपत होते. याच अ‍ॅपलयार्डचा पुढे 1982 मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला.

पर्वरीत राहणाऱ्याला हा अभ्यास समजावून सांगावा लागत नाही. गावाच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि अलीकडची माणसे पलीकडच्या माणसांना लग्नाकार्यापुरतीच भेटतात. महामार्ग माझ्या हातात नाही, पण आतले रस्ते आपल्या हातात असतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातल्या रहिवाशांनी 1960च्या दशकाच्या शेवटी आपल्या गल्लीत झाडे, बाके आणि वळणे अशा रीतीने आणली की मोटारीला माणसाच्या चालीनेच जावे लागे. 1976 साली त्या देशाने अशा रस्त्यांना कायद्याने मान्यता दिली. त्यांनी त्यांना दिलेल्या नावाचा अर्थ जवळपास "राहते अंगण" असा होतो. आपल्याकडे वेग कमी करण्याचा एकच उपाय प्रचलित आहे, तो म्हणजे कंत्राटदाराने रात्रीत टाकलेला डांबराचा उंचवटा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988च्या मार्गदर्शक तत्त्वांत गतिरोधकाचे माप दिलेले आहे: 3.7 मीटर रुंद आणि अवघा दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने मोटार त्याच्यावरून अलगद जावी. आमच्या गल्लीतला मी टेपने मोजला. रुंदी पाऊण मीटर, उंची सोळा सेंटिमीटर. तो गती रोखत नाही, कंबर मोडतो. आणि स्कूटरवाले त्याला चुकवण्यासाठी कडेच्या चिंचोळ्या पट्टीवरून, म्हणजे नेमके जिथून मुले चालतात तिथून, जातात.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा माणूस मळ्यातल्या सोप्याच्या आठवणीत रमला आहे. माझ्या थोरल्या बहिणीलाही असेच वाटते. ती आता पुण्यात नवव्या मजल्यावर राहते आणि आपल्या शेजाऱ्याचे आडनाव आपल्याला माहीत नाही याचे तिला मुळीच दुःख नाही. ती कॉलेजात असताना लायब्ररीच्या पायऱ्यांवर वर्गातल्या एका मुलाशी तीन मिनिटे बोलली होती. ती तीन मिनिटे त्याच पाच सोप्यांवरून घरी पोचली आणि तिचे दोन महिने बाहेर जाणे बंद झाले. मी सोप्यांचे कौतुक करू लागलो की ती म्हणते, "तो सोपो तुझ्यासाठी होता. आमच्यासाठी ती चौकी होती." यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाड्यांचेही तसेच होते. वाडे जातींप्रमाणे वसलेले होते, आणि कोणत्या मांडावर कोणत्या जातीने पाय ठेवायचा नाही हेही मांड सारवण्याइतकेच पक्के ठरलेले होते. "कोण हवंय तुम्हाला?" हा प्रश्न मला बेलापूरला ज्या सुरात विचारला गेला त्याच सुरात तो एखाद्या बिहारी मजुराला, कोणा ईशान्येकडच्या मुलीला विचारला जाईल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हल्ली भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचे फॉर्म आमच्या सोसायटीत फिरतात, आणि ते फॉर्म भरताना काही जणांच्या चेहऱ्यावर जे समाधान असते ते मला आवडत नाही.

तरीही मी बहिणीशी पूर्ण सहमत होत नाही. प्लॅन काढणाऱ्याच्या हातात माणसाचा स्वभाव नसतो. कोण कोणाकडे कोणत्या नजरेने पाहील हे मी रेघेने ठरवू शकत नाही. पडलेल्या माणसाला कोणी पाहू तरी शकेल की नाही, एवढे मात्र मी ठरवतो, आणि आमच्या इमारतीपुरते ते मी चुकीचे ठरवले होते.

काकींच्या अपघातानंतर सोसायटीची सभा झाली. आणखी आठ कॅमेरे बसवावेत असा ठराव आला. मी सुचवले की जिन्याजवळच्या मोटारींच्या दोन जागा काढून तिथे बसायला सोपो बांधावा, आणि रखवालदाराच्या केबिनला आतल्या बाजूने एक खिडकी पाडावी. खिडकीला कोणाची हरकत नव्हती, ती चार हजारांत झाली. सोप्यावर मात्र दीड तास वाद झाला. पार्किंगच्या जागेची किंमत काय आहे ठाऊक आहे का, असे एकाने विचारले; ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाली पोरे येऊन बसतील, अशी भीती दुसऱ्याने घातली. शेवटी कॅमेरे आठांऐवजी चार ठरले आणि सोपो एकाच जागेत करायचा ठरला, ती जागा माझी. माझी मोटार आता रस्त्यावर उभी असते आणि तिच्यावर जांभळे पडतात.

चिऱ्याचा सोपो झाला, मळ्यातल्या मापाचा. पहिला महिना त्याच्यावर फक्त मी बसत असे आणि लोक मला आवर्जून नमस्कार करून पुढे जात. मग, ज्यांची भीती घातली होती तेच आधी आले: एक ड्रायव्हर, दुपारी डबा खायला. त्याच्यामागे रखवालदार. तो झारखंडचा आहे आणि त्याच्या मुलीने दहावीला गणितात चांगले गुण मिळवले आहेत हे मला चार वर्षांत पहिल्यांदा कळले. पोदेर पूर्वी फाटकाबाहेरूनच भोंपू वाजवून निघून जाई, तो आता आत येतो, कारण उंडे घेणाऱ्या दोन-तीन बायका तिथेच बसलेल्या असतात. काकीही संध्याकाळी वॉकर घेऊन खाली उतरतात. परवा त्यांनी मला बोलावून घेतले आणि सोपो फार ठेंगणा झाला आहे, खुब्याच्या ऑपरेशननंतर इतक्या खालून उठता येत नाही, अशी तक्रार केली. मी त्यांना वहीतले माप दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाल्या, "तुमच्या आजोबांचे गुडघे शाबूत असतील हो." गवंड्याला सांगितले आहे, पाऊस उघडला की तो येऊन वर तीन इंच चढवील.